गोठ्यांतील एलईडी दिवे : त्यांचे बिघाड व दुरुस्ती

शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत ज्याच्या आढ्यास एलईडीचा लांब दिवा टांगलेला नाहीं असा गोठा आतां शोधूनच काढावा लागेल. शिरूरच्या बाजारपेठेंतील दुकानें, न्हावऱ्याहून चौफुल्यास जाणाऱ्या रस्त्यावरील गॅरेजें, केडगांव भागांतील गुऱ्हाळें, गांवोगांवचीं दूधसंकलन केंद्रें आणि मळ्यांतील पत्र्याचीं शेडें या सर्वांत तोच दिवा जळत असतो. आमच्या पिढीनें लहानपणीं कंदिलाच्या उजेडांत धार काढलेली पाहिली. पुढें चोक व स्टार्टर असलेली चाळीस वॅटची ट्यूब आली. आणि आतां वीस वॅटचा एलईडी दिवा जवळजवळ तिच्याइतकाच उपयोगी उजेड निम्म्याहून कमी विजेंत देतो.

परंतु ज्या वेगानें हे दिवे आले त्याच वेगानें ते बिघडतांनाही दिसतात. कित्येक वर्षें टिकेल म्हणून घेतलेला दिवा एक पावसाळा ओलांडीत नाहीं, ही तक्रार आम्ही दोन्ही तालुक्यांत सारखीच ऐकतों. त्यावर उपायही सर्वत्र एकच : जुना दिवा उकिरड्यावर व नवा दिवा आढ्यावर. दिवा कां गेला हें कोणी विचारीत नाहीं. आमचें स्वतःचें वर्तनही कित्येक वर्षें असेंच होतें. त्याचा परिणाम काय होऊं पाहत होता तो प्रथम सांगतों, कारण हा लेख लिहिण्याचें कारण तोच होय.

आमच्या गोठ्यांत चार दिवे आहेत. एका पावसाळ्यांत त्यांतील पाण्याच्या हौदाजवळचा दिवा तीन वेळां गेला, आणि तिन्ही वेळां आम्ही नवा आणून लावला. त्याच सुमारास आमची एक संकरित गाय हौदाशीं जाई, नळाजवळ तोंड नेई आणि दचकून मागें सरे. दूध उतरलें. आम्ही तिचे दांत पाहिले, घरच्या मंडळींनीं दृष्ट काढली, डॉक्टरांस आणलें. रोग कांहीं निघाला नाहीं. पुढें तोच दिवा चवथ्यांदा लुकलुकूं लागला तेव्हां एका जाणत्या वायरमनास बोलाविलें. त्यानें दिव्यास हात लावण्यापूर्वीं मीटरची एक तार हौदाच्या लोखंडी नळास व दुसरी ओल्या जमिनीस लावली, तों मीटरनें पन्नासाच्या आसपास व्होल्ट दाखविले. दमट हवेनें दिव्याच्या आंतील आवरण निकामी होऊन त्याच्या धातूच्या अंगांत वीज उतरली होती. दिवा लोखंडी कैचीस तारेनें बांधलेला, नळही त्याच कैचीच्या खांबास बांधलेला, आणि मीटरपासून निघालेली अर्थिंगची तार गंजून केव्हांच तुटलेली. पायांत रबरी चप्पल असल्यामुळें आम्हांस कांहीं जाणवत नव्हतें. चार ओल्या खुरांवर उभ्या असलेल्या गाईस तें जाणवत होतें. त्याच नळावर घरांतील मुलें सकाळीं अनवाणी बादल्या भरीत असत, हें आठवलें म्हणजे आजही अंगावर कांटा येतो.

तात्पर्य हें कीं, दिवा विझणें हा पुष्कळदां दिव्याचा दोष नसतो; तो वायरिंगनें दिलेला इशारा असतो. तो समजून न घेतां दिवा बदलणें म्हणजे तापाचें कारण न पाहतां घोंगडी बदलण्यासारखें आहे. सबब दिव्याची परीक्षा कशी करावी, कोणती दुरुस्ती घरीं होण्यासारखी आहे व कोणती परवानाधारक वायरमनाकडूनच करून घ्यावी, याचें विवेचन पुढें करतों.

दिव्याची रचना

निळा प्रकाश देणारा तेजस्वी डायोड सिद्ध करण्याचें अवघड काम अकासाकी, अमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांनीं जपानांत केलें, व त्याबद्दल त्यांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. या निळ्या डायोडावर पिवळ्या द्रव्याचा लेप दिला म्हणजे आपणांस पांढरा उजेड दिसतो. आपल्या देशांत ५ जानेवारी २०१५ रोजीं उजाला योजना सुरू झाली, आणि त्यानंतर हे दिवे खेड्यापाड्यांतून स्वस्त व सर्वपरिचित झाले.

लांब दिव्याच्या आंत मुख्य भाग दोन. पहिला, अॅल्युमिनियमच्या पट्टीवर ओळीनें बसविलेले पिवळे ठिपके. त्यांपैकीं सामान्य ठिपका सुमारें तीन व्होल्टवर चालतो. अर्थात् त्यास २३० व्होल्टशीं थेट जोडतां येत नाहीं. म्हणून दुसरा भाग, ज्यास ड्रायव्हर म्हणतात. हा बहुधा टोंकाच्या टोपणांत बसविलेला असतो. एसी प्रवाहाचा डीसी करून ठिपक्यांस सोसेल तेवढाच नेमका प्रवाह देणें हें त्याचें काम. स्वस्त दिव्यांत वेगळा ड्रायव्हर नसून त्याचे भाग ठिपक्यांच्याच पट्टीवर चिकटविलेले असतात. ते दुरुस्तीस कठीण जातात.

ठिपके साखळीच्या कड्यांप्रमाणें एकापुढें एक जोडलेले असतात. दाव्याची एक कडी तुटली म्हणजे सारें दावें निकामी होतें, तद्वत् एक ठिपका जळला कीं त्याची सारी माळ विझते. मोठ्या दिव्यांत अशा दोन-चार माळा शेजारीं शेजारीं असतात. म्हणूनच कधीं अर्धा दिवा लागतो व अर्धा लागत नाहीं. परंतु आमचा व आमच्या ओळखीच्या कारागिरांचा अनुभव असा कीं, ठिपक्यांपेक्षां ड्रायव्हरच अधिक वेळां जातो, आणि त्यांतही कपॅसिटर नांवाचा लहानसा डबीसारखा भाग. उष्णता दहा अंश सेल्सिअसनें वाढली कीं या कपॅसिटरचें आयुष्य साधारणतः निम्मे होतें. पत्र्यास चिकटून बसविलेला दिवा गुऱ्हाळांत अगर दुकानांत भर वैशाखांत दिवसा जळत असेल, तर तो लौकर कां जातो याचें उत्तर एवढ्यांत आलें.

हात लावण्यापूर्वीं

१. नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. मेन स्विच बंद करावा व त्याजवळ एक शहाणा माणूस उभा करावा.

२. टेस्टर प्रथम चालू प्लगवर लावून तो स्वतः ठीक आहे याची खात्री करावी, मग दिव्याच्या तारांस लावावा.

३. मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्यें वीज सांठून राहते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ती सुमारें ३२५ व्होल्टपर्यंत असूं शकते. म्हणून कांहीं मिनिटें थांबल्याशिवाय टोपण उघडूं नये, व त्यानंतरही मीटरनें तपासल्याशिवाय आंत बोट घालूं नये.

४. पुष्कळ स्वस्त दिव्यांत ठिपक्यांची पट्टी मुख्य पुरवठ्यापासून अलग केलेली नसते. आवरण काढून असा दिवा चालू केल्यास त्या पट्टीस स्पर्श करणें म्हणजे उघड्या तारेस स्पर्श करणें होय.

५. शिडी लोखंडी नसावी, बांबूची अगर लांकडी असावी. जमीन ओली असल्यास काम उद्यांवर टाकावें.

लक्षणांवरून परीक्षा

सर्व दिवे एकाच वेळीं बिघडणें. ही सर्वांत महत्त्वाची व सर्वांत दुर्लक्षित खूण. कांहीं दिवे एकाएकीं अति प्रखर व कांहीं मंद झाले, किंवा तीन फेजचा पुरवठा असलेल्या जागीं एका फेजवरील कडबाकुट्टी सुरू करतांच दुसऱ्या फेजवरील दिवे उजळले, तर न्यूट्रलची तार कोठें तरी सैल झाली अथवा तुटली आहे असें समजावें. न्यूट्रल सुटली म्हणजे निरनिराळ्या फेजवरील भारांमध्यें व्होल्टेजची वाटणी विषम होते. एकीकडे दीडशें व्होल्ट तर दुसरीकडे तीनशेंच्या वर जातात. अशा वेळीं दिवे, फ्रीज व दूरदर्शन संच एकदमच जळतात, आणि कित्येकदां उपकरणांच्या धातूच्या अंगांत वीज उतरते. एक क्षणही न दवडतां मेन स्विच बंद करावा व महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावें. डीपीवर चढून आपणच जोड आवळण्याचें साहस कोणीं करूं नये. त्यानें घरें उघडीं पडलीं आहेत.

एकच दिवा मुळींच न लागणें. प्रथम चांगला चालणारा दिवा त्या जागीं लावून पाहावा. तोही न लागल्यास दोष दिव्याचा नव्हे, बटणाचा, होल्डरचा किंवा तारेच्या जोडाचा. तारा पिळून त्यांवर टेप गुंडाळलेला जोड ही आमच्या गोठ्यांतील जुनी व्याधि आहे. विशेषतः अॅल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेस पिळलेली असेल तर ती दमट हवेंत खात्रीनें गंजते, सैल होते व तापते. टेप वितळलेला किंवा काळवंडलेला दिसला तर जोड कापून टाकावा व बंद डबींत स्क्रूच्या कनेक्टरनें नवा करावा. दुसरा दिवा लागला, तर पहिल्याचा ड्रायव्हर किंवा पट्टी गेली असें समजून पुढें जावें.

लुकलुकणें, उशीरां लागणें, अगर कांहीं वेळ जळून विझणें व निवल्यावर पुन्हां लागणें. ही बहुधा मरूं घातलेल्या कपॅसिटरचीं अथवा तापलेल्या ड्रायव्हरचीं लक्षणें होत. परंतु दिवा केवळ पंप सुरू होतांनाच क्षणभर लुकलुकत असेल तर तो दोष दिव्याचा नसून व्होल्टेजच्या घसरणीचा आहे. थ्री फेज येतांच साऱ्या शिवारांतील ऑटोस्विच लावलेले पंप एकदम सुरू होतात, त्या वेळीं व्होल्टेज कसें पडतें हें सर्वांच्या अनुभवाचें आहे.

अर्धा दिवा लागणें. आवरण काढून पाहिल्यास विझलेल्या माळेंत एखाद्या पिवळ्या ठिपक्याच्या मध्यभागीं टांचणीच्या टोंकाएवढा काळा डाग दिसतो. तोच मेलेला ठिपका.

बटण बंद केल्यावरही मिणमिणणें. पुष्कळांस हें भुताटकीसारखें वाटतें. कारण साधें आहे : बटण फेजच्या तारेवर न बसवितां न्यूट्रलच्या तारेवर बसविलेलें असतें, किंवा बटणांतच लहानसा खुणेचा दिवा असतो, किंवा लांबवर शेजारून जाणाऱ्या तारेमुळें थोडा प्रवाह उतरतो. पहिलें कारण धोक्याचें आहे, कारण अशा जागीं बटण बंद केलें तरी दिव्यापर्यंत फेज जिवंत असतो. वायरमनाकडून तारांची अदलाबदल करून घ्यावी.

जुन्या ट्यूबच्या पट्टींत एलईडी ट्यूब बसविली असतां ती फडफडणें. चोक व स्टार्टर काढून टाकल्याशिवाय यांतील बहुतेक ट्यूबा नीट चालत नाहींत. शिवाय कांहीं ट्यूबांस वीज एकाच टोंकास द्यावयाची असते, व कांहींस एका टोंकास फेज आणि दुसऱ्यास न्यूट्रल. वेष्टनावरील आकृति पाहिल्यावांचून जोडणी केल्यास बटण दाबतांच फ्यूज उडतो. उतरलेल्या जुन्या ट्यूबमध्यें पारा असतो; ती गव्हाणीजवळ फोडूं नये.

दुरुस्ती

ड्रायव्हर बदलणें ही सर्वांत फलदायी दुरुस्ती होय. नव्या दिव्याच्या किमतीच्या मानानें ड्रायव्हर पुष्कळ स्वस्त पडतो. मात्र तो केवळ वॅट पाहून आणूं नये. जुन्या ड्रायव्हरवर दोन आंकडे छापलेले असतात : बाहेर पडणारा प्रवाह मिलिअँपिअरमध्यें, आणि व्होल्टची मर्यादा. उदाहरणार्थ, २४० मिलिअँपिअर व ६० ते ८० व्होल्ट असें लिहिलें असेल व माळ ७५ व्होल्टवर चालत असेल, तर दिवा १८ वॅटचा झाला. नवा ड्रायव्हर त्याच प्रवाहाचा पाहिजे, आणि माळेचे व्होल्ट त्याच्या मर्यादेंत बसले पाहिजेत. प्रवाह जास्त असल्यास दिवा अधिक लखलखीत दिसेल खरा, पण ठिपके महिन्या-दोन महिन्यांत जळतील. थोडा कमी असल्यास उजेड किंचित् उणा व आयुष्य अधिक. गोठ्यांत आम्ही दुसराच मार्ग पसंत करतों.

जोडतांना लाल तार धन टोंकास व काळी ऋण टोंकास जाईल हें पाहावें. प्रथम ठिपक्यांची पट्टी ड्रायव्हरला जोडावी, आणि मगच वीज सुरू करावी. ड्रायव्हर चालू ठेवून पट्टीच्या तारा मागाहून टेंकविल्यास सांठलेल्या व्होल्टेजचा तडाखा बसून चांगले ठिपकेही जातात. ही एक चूक आम्ही पदरचे पैसे खर्चून शिकलों.

मेलेला ठिपका बदलण्यास सोल्डरिंगचें कौशल्य लागतें. कांहीं कारागीर तो ठिपका काढून त्याच्या दोन टोंकांस तारेच्या तुकड्यानें जोडून देतात, व माळ पुन्हां लागते. वेगळा ड्रायव्हर असलेल्या दिव्यांत एखाद्या ठिपक्यापुरती ही युक्ति चालते. एकापाठोपाठ दुसरा, तिसरा ठिपका जाऊं लागला तर ती पट्टी तापत आहे अगर तिला प्रवाह अधिक मिळत आहे असें समजून ती टाकून द्यावी. ज्या दिव्यांत ड्रायव्हर पट्टीवरच आहे, त्यांत ही युक्ति करूंच नये. उरलेल्या भागांवर ताण वाढून ते अधिक तापतात.

ज्या दिव्याचें धातूचें अंग टेस्टरला अथवा मीटरला वीज दाखवितें तो दिवा दुरुस्तीच्या लायकीचा नव्हे. तो त्याच क्षणीं उतरवावा, आणि तो कां तसा झाला याचा तपास होईपर्यंत त्या जागीं दुसरा लावूं नये.

बिघाडाचीं मूळ कारणें

दुरुस्ती केलेला दिवा पुन्हां त्याच जागीं, त्याच स्थितींत टांगला तर पुन्हां त्याच मार्गानें जाईल. म्हणून कारण दूर करणें अगत्याचें आहे.

उष्णता : दिवा पत्र्यास चिकटवूं नये, निदान एक वीत खालीं टांगावा. त्याच्या पाठीवर सांठलेली धूळ, जाळीं व भुसा महिन्यांतून एकदां, मेन स्विच बंद करून, कोरड्या फडक्यानें झाडावा. गुऱ्हाळांत चुलवणाच्या व काहिलीच्या सरळ वर दिवा ठेवूं नये. वाफ व चिपाडाची राख मिळून त्याचा घात करतात.

ओल व मूत्राची वाफ : गुरांच्या मूत्रांतून निघणारा अमोनिया तांब्यापितळेच्या टोंकांस खातो व त्यांवर हिरवट पूड चढते. गोठ्यासाठीं धूळ व पाणी न शिरणारा, आयपी ६५ असें लिहिलेला बंद दिवा घ्यावा. वायर दिव्यांत शिरण्यापूर्वीं तिला खालीं झोल द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारें पाणी झोलाच्या तळाशीं ठिबकेल, दिव्यांत जाणार नाहीं. टोपणाच्या फटी बुजवाव्या. मुंग्या व पाली त्यांतून आंत जाऊन ड्रायव्हरवर मरतात.

व्होल्टेजचा चढउतार : पंप चालू असतां घसरलेलें व्होल्टेज पंप बंद होतांच एकदम वर जातें. दिवे घेतांना ते किती व्होल्टपर्यंत चालतात व वाढीव व्होल्टेजचा तडाखा किती सोसतात हे आंकडे वेष्टनावर पाहावे. वळवाच्या पावसांत विजा चमकूं लागल्या म्हणजे गोठ्याचा मेन स्विच बंद करणें हा बिनखर्ची उपाय आहे.

आतां एका वाईट चालीविषयीं स्पष्ट लिहिणें भाग आहे. न्यूट्रलची तार दूर असली अगर सिंगल फेज नीट मिळत नसली म्हणजे कित्येक जण फेजची एकच तार घेऊन दिव्याचें दुसरें टोंक जमिनींत ठोकलेल्या सळईस जोडतात. उन्हाळ्यांत जमीन कोरडी पडून दिवा मंद झाला कीं त्या सळईपाशीं पाण्याची बादली ओततात, आणि दिवा उजळला म्हणून समाधान मानतात. वास्तविक त्या वेळीं सळईभोंवतालच्या ओल्या जमिनींतून वीज वाहत असते. तेथें उभ्या राहिलेल्या बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक, म्हणून त्याच्या अंगांतून जाणारा प्रवाहही माणसापेक्षां अधिक. आणि सळई तुटली अगर उपटली गेली तर तिचें वरचें टोंक पूर्ण फेजवर येतें. अर्थिंग हें संकटकाळीं प्राण वांचविण्यासाठीं आहे, दिवा पेटविण्यासाठीं नव्हे. ज्यांच्याकडे ही जोडणी असेल त्यांनीं हा लेख वाचून संपविण्यापूर्वीं ती काढावी.

गोठ्यास निराळें व चांगलें अर्थिंग असावें, कैची, नळ व पत्रे हे सर्व त्यास जोडलेले असावे, आणि गोठ्याच्या फांट्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. एवढा लहान प्रवाह वाटेंत गळला तरी तो क्षणार्धांत वीज तोडतो. त्यावरील परीक्षेचें बटण दरमहा एकदां दाबून पाहावें. तो वारंवार पडूं लागला तर त्यास शिव्या देऊन काढून टाकूं नये. आमच्या गोठ्यांत तो असता तर पहिलाच दिवा आम्हांस सारी हकीकत सांगता.

खरेदी व नोंद

दिव्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण व नोंदणी क्रमांक आहे हें पाहून घ्यावें, पक्की पावती घ्यावी व ती जपून ठेवावी. हमीच्या मुदतींतील दिवा घरीं उघडूं नये, नाहीं तर हमी जाते. शक्य तर वेगळा ड्रायव्हर असलेला, स्क्रू काढून उघडतां येणारा दिवा पसंत करावा. गोठ्यासाठीं पिवळसर उजेडाचा दिवा बरा. निळसर पांढऱ्या उजेडाकडे किडे अधिक येतात, व किड्यांमागून बेडूक आणि बेडकांमागून साप येतो.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक दिव्याच्या पाठीवर तो बसविल्याची तारीख रंगानें लिहावी, आणि एका वहींत जागा, तारीख, बिघाडाचें लक्षण व केलेला उपाय एवढे चार रकाने ठेवावे. नोंदीची ही संवय आम्हांस नोकरीनें लागली, पण दिव्यांस ती फार उशीरां लावली. ती वेळीं लावली असती, तर एकाच जागेचा दिवा एका पावसाळ्यांत तीनदां गेला हें कागदावरच डोळ्यांत भरलें असतें. एका जागीं दुसरा दिवा लौकर गेला कीं तपास दिव्याचा नव्हे, जागेचा करावा, हा नियम आम्ही त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविला आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा दिव्यासाठीं इतका खटाटोप कशास? चार दिवे वीस वॅटचे, रात्रीं दहा तास जळले तर आठ दशांश युनिट वीज जाते. दिव्यांची किंमतही फार नाहीं. खरें आहे. परंतु शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड-जांबूत भागांत २०२५ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसें मृत्युमुखीं पडलीं. दिवा लावल्यानें बिबट्या येत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं; पण पहाटे धारेस जाणाऱ्या बाईस गोठ्याच्या दारांत पाय टाकण्यापूर्वीं आंत काय आहे तें दिसलें पाहिजे. ज्यांच्या वांट्यास पाण्याची रात्रपाळी येते त्यांसही पंपाच्या खोपटांत साप पाहण्यास तोच दिवा हवा. ऐन वेळीं न लागणारा दिवा नसल्यापेक्षां वाईट, कारण आपण त्याच्या भरंवशावर बॅटरी घरीं ठेवून निघतों.

सबब आमची वाचकांस विनंति एवढीच कीं, येत्या पावसाळ्यापूर्वीं एक दुपार काढून गोठ्यांतील व शेडांतील प्रत्येक दिवा वायरमनासह तपासावा : जोड, अर्थिंग, न्यूट्रल, धातूचें अंग, हौद व नळ. आणि तोंवर आपलें एखादें जनावर हौदापासून तोंड फिरवीत असेल, तर त्याचे दांत पाहण्यापूर्वीं मेन स्विच बंद करून तें पाणी पितें कीं नाहीं तें पाहावें.